वासरं शांत का होती?

१

वासरं शांत होती, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

संशोधन केंद्राच्या लांबट गोठ्यात सकाळच्या उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. आदल्या दिवशी सगळ्या वासरांच्या शिंगकळ्या डागल्या होत्या. शिंगं वाढून पुढे माणसांना आणि एकमेकांना इजा होऊ नये म्हणून वासरू लहान असतानाच तापल्या लोखंडाने त्या कळ्या जाळतात. डागण्याआधी सुन्न करणारं इंजेक्शन सगळ्यांना मिळालं होतं. पण इंजेक्शनचा असर काही तासांत ओसरतो, जखम मात्र मागे राहते. त्या मागे राहिलेल्या दुखण्यासाठीच धाकट्या डॉक्टरांचा प्रयोग चालू होता.

प्रयोग तसा साधा. निम्म्या वासरांच्या जखमेवर जंतुनाशक मलम लावायचं, उरलेल्या निम्म्यांना तेच मलम, पण त्यात बधीर करणारं औषध घातलेलं. दोन्ही तपकिरी, दोन्हींचा वास सारखाच. एका बाटलीवर त्रिकोण, दुसरीवर वर्तुळ. कोणत्या बाटलीत औषध आहे हे एकट्या औषधशाळेच्या मिश्रकाला ठाऊक. बघणाऱ्यांना ते कळलं तर डोळे आपल्याला हवं तेच बघतात, म्हणून ही लपवाछपवी.

पहिल्या दोन तुकड्यांत फरक लख्ख दिसला होता. एका गटातली वासरं दुसऱ्या दिवशी मान झटकत, मागच्या पायाने डोकं खाजवायला बघत, दुधाला तोंड लावत नसत. दुसरा गट ढुशा देत दूध प्यायचा. ही तिसरी तुकडी सगळ्यांत मोठी होती आणि निकाल बहुतेक हिच्यावरच ठरणार होता.

धाकट्या डॉक्टर हातात दाब मोजायचं यंत्र घेऊन एकेका वासराजवळ गेल्या. जखमेच्या कडेला हळूच दाबलं. वासरू हललं नाही. पुढचं हललं नाही. त्याच्या पुढचंही नाही.

"बरंय की ताई," गोठ्याची देखभाल करणारे मामा दुधाच्या बादल्या ठेवत म्हणाले. "सगळीच मजेत आहेत."

"तेच तर बरं नाही, मामा."

धाकट्या डॉक्टर गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेल्या. कपाटातून दोन्ही बाटल्या काढल्या. जरा विचार केला आणि त्रिकोणाच्या बाटलीतलं किंचित मलम वरच्या ओठाला लावलं, वर्तुळाच्या बाटलीतलं खालच्या. मग आरशासमोर उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने त्यांनी वरचा ओठ चिमटीत धरला. काहीच जाणवलं नाही. मग खालचा धरला.

तोही आपला नव्हताच.

२

प्राणिकल्याण समितीने चौकशीसाठी ज्या बाईंना पाठवलं, त्यांना सगळे सावकाशबाई म्हणत. निवृत्त पशुवैद्य. अंगाने भरलेल्या, चालणं बेताचं, आणि बोलताना दर चार वाक्यांनी 'सावकाश, सावकाश' म्हणायची सवय. समोरचा घाईत असला की त्या आणखी हळू होत. त्यांच्यापुढे बसलेला माणूस शेवटी कंटाळून खरं बोलतो, असं त्यांच्या खात्यात गमतीने म्हटलं जाई.

पहिली भेट केंद्राच्या प्रमुखांशी झाली. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, कारण धाकट्या डॉक्टर त्यांची पुतणी. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून काका-काकूंनीच तिला वाढवली, शिकवली, याच विषयात आणली. मोठ्या डॉक्टरांनी शिकवलेले पशुवैद्य गावोगाव पसरले होते. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कोट, पांढरे केस, आवाजात कधी चढ नाही.

"बाई, यात तपासण्यासारखं फार काही नाही," ते म्हणाले. "मामा प्रेमळ माणूस आहे. वासरांना लाडाची नावं देतो, त्यांच्याशी गप्पा मारतो. त्याला बघवलं नसणार. दोन्ही बाटल्यांत औषध घालून मोकळा झाला. मी त्याला तूर्त गोठ्यात यायला मनाई केलीय. समितीने म्हटलं तर कायमचीच."

"त्यांनी कबूल केलं?"

"तो कसला कबूल करतोय! गप्प आहे."

"आणि प्रयोग?"

"बंद करायचा. दोन तुकड्यांत फरक, तिसरीत नाही. यातून ठाम काय निघणार? नियम ठरवणारं पशुपालन मंडळ या निकालाची वाट बघतंय हे मला कळतं. निकाल लागला असता तर हे मलम सगळीकडे सक्तीचं झालं असतं. पण आता हात टेकलेले बरे." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "पोरीची मेहनत वाया गेली, याचं वाईट वाटतं."

सावकाशबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "डॉक्टर, बोलताना तुम्हाला त्रास होतोय का? तोंड आलंय?"

"छे. टाळू जरा भाजलीय. चहाने." ते हसले. "वय झालं बाई, घाई काही जात नाही."

"सावकाश प्यावा," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

३

मामा गोठ्याच्या मागे, कडब्याच्या ढिगाऱ्याजवळ बसले होते. आत जायची मनाई, पण घरी जायला पाय उचलत नव्हता. गोठ्यात एखादं वासरू हंबरलं की मान तिकडे वळायची.

"तुम्ही बाटल्यांना हात लावलात?" बाईंनी शेजारच्या दगडावर बसत विचारलं.

"लावला की. मलम मीच लावतो ना. ब्रश माझ्याच हातात असतो."

"आत काही घातलंत?"

"नाही."

"मग मोठ्या डॉक्टरांना तसं सांगितलं का नाहीत? गप्प का राहिलात?"

मामांनी कडब्याची काडी दोन बोटांत मोडली. "त्यांनी विचारलंच नाही हो. 'तू केलंस, मला माहीत आहे, तुझं मन मऊ आहे' असं म्हणाले. वर पाठीवर हात ठेवला. आता एवढं प्रेमाने चोर ठरवल्यावर माणूस बोलणार काय?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांतच ठेवलं. "वासरांचं दुखणं बघवतं तुम्हाला?"

"नाही बघवत. पण ताईंनी मला समजावून सांगितलंय. ही थोडी वासरं एक दिवस सोसतील, म्हणजे पुढची हजारो सुटतील. मला पटलं. नसतं पटलं तर तसं तोंडावर सांगितलं असतं. ताईंना मी घाबरत नाही."

"आणि मोठ्या डॉक्टरांना?"

"त्यांना सगळेच घाबरतात. ते ओरडत नाहीत ना, म्हणून जास्त."

तिथून बाई औषधशाळेत गेल्या. मिश्रकाला सगळे 'थेंब' म्हणत, कारण 'माझ्याकडे थेंबाचाही फरक होत नाही' हे त्याचं ठरलेलं वाक्य. आज मात्र तो घामाघूम झाला होता.

"म्हणजे शेवटी माझ्यावरच येणार ना? कोणत्या बाटलीत काय, हे मला एकट्याला माहीत. त्यात धाकट्या डॉक्टरांशी माझी खडाजंगी झालेली. बाटल्या उशिरा देतो म्हणून त्यांनी तक्रार केली होती माझी."

"केली होती?"

"हो. आणि उशीर झालाही होता," थेंब खाली बघत म्हणाला. मग एकदम ताठ झाला. "पण बधीर करणारं औषध माझ्या कपाटातून थेंबभरही कमी झालेलं नाही. तुम्ही मोजा. डागणीच्या आदल्या दिवशी जेवणाआधी मी दोन्ही बाटल्या गोठ्याच्या खोलीत पोचवल्या. त्या क्षणापर्यंत त्या बरोबर होत्या. पुढचं मला विचारू नका."

बाईंनी कपाट बघितलं. खरंच काही कमी नव्हतं.

बाहेर येताच त्यांचा फोन वाजला. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं मलम त्यांनी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. तिकडून बोलणाऱ्याचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "दोन्हींत? नक्की?"

दोन्ही बाटल्यांत औषध होतं. पण जेवढं असायला हवं, त्याच्या बरोबर निम्मं.

४

केंद्राच्या आवारात एक छोटी चहाची खोली होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. सावकाशबाई तिथे बाकावर टेकल्या आणि समोर धाकट्या डॉक्टर येऊन बसल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मामांनी केलेलं नाही," धाकट्या डॉक्टर बसता बसताच म्हणाल्या. "मी काकांना तीनदा सांगितलं. ते नुसती मान हलवतात."

"तुझी आणि काकांची या प्रयोगावरून बोलणी झाली असतील ना?"

"वाद म्हणा. काकांच्या मते डागणीचं दुखणं घटकाभराचं. दुसऱ्या दिवशी वासरू गप्प उभं राहतं, ती नुसती सुस्ती. त्यांच्या पुस्तकातही तसंच आहे. ते पुस्तक वाचूनच मी परीक्षा दिली." त्या किंचित हसल्या. "पण अडवलं नाही हो त्यांनी. सही दिली, जागा दिली. दुसऱ्या तुकडीच्या वेळी तर स्वतः येऊन गोठ्यात उभे राहिले. बराच वेळ. एका वासराजवळ नुसते उभे होते. मी विचारलं, काय बघताय? तर काही न बोलता निघून गेले."

"कोणत्या वासराजवळ?"

"त्याने दूध पिणं सोडलं होतं. भिंतीला डोकं टेकवून उभं होतं."

वहिनींनी चहा आणून ठेवला. "गरम आहे हं," त्या म्हणाल्या. "नाहीतर म्हणाल कोमट आहे. एकदा ऐकून घेतलंय मी, पुन्हा नाही ऐकणार."

"तुमचा चहा कोमट? कोण म्हणालं असं?"

"मोठे डॉक्टर! आणि कोण म्हणणार? इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पितायत, कधी नाव ठेवलं नाही. त्या दिवशी दुपारी, मला वाटतं डागणीच्या आदल्याच दिवशी, इथेच बसले होते. म्हणे चहा गार आहे. मी पुन्हा उकळून दिला. तरी म्हणे कोमटच. तिसऱ्यांदा मी शेगडीवरनं थेट कपात ओतला, वाफा निघत होत्या, आणि ते पाण्यासारखा पिऊन गेले! माझ्या अंगावर काटा आला."

धाकट्या डॉक्टर चहाकडे बघत होत्या. हात कपापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"सावकाश," बाई तिच्याकडे बघून हळूच म्हणाल्या. "अजून काही ठरवू नकोस. मला आधी तुझ्या काकूंना भेटायचंय."

५

मोठ्या डॉक्टरांचं घर केंद्राच्या मागच्या रस्त्यावर होतं. डॉक्टर घरी नव्हते. काकूंनी बाईंना बैठकीत बसवलं आणि स्वतः इस्त्रीच्या टेबलाशी परत गेल्या. दांडीवर पांढऱ्या कोटांची रांग होती, एकेक पुठ्ठ्यासारखा ताठ.

"खळ घरीच देता?" बाईंनी विचारलं.

"घरीच. बाहेरचे देतात ती खळ म्हणजे नुसतं पाणी. ह्यांना बाही अशी उभी राहिली पाहिजे." काकूंनी बाही उभी करून दाखवली. "लग्न झाल्यापासून हेच करतेय. कोट बघूनच विद्यार्थी घाबरत असतील."

"डाग पडले की पंचाईत होत असेल."

"अहो, परवा-परवाचंच सांगते. बाहीवर हा एवढा निळा-काळा डाग! विचारलं तर म्हणाले शाई सांडली. म्हटलं झालं, गेला कोट. शाई कधी निघते का? तरी आपलं लिंबू चोळून बघितलं. आणि काय सांगू, चोळता चोळता डाग गायब! जसा काही नव्हताच. म्हटलं, आजकाल शाईसुद्धा पाणचट झाली."

सावकाशबाईंनी जवळच्या कोटाची बाही चाचपून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "परवा-परवा म्हणजे डागणीचा दिवस?"

"नाही हो, त्याच्या आदल्या दिवशी. डागणीच्या दिवशी दुसरा कोट घालून गेले ना." काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. त्या साध्या होत्या, पण भोळ्या नव्हत्या. "बाई, तुम्ही डागाचं एवढं का विचारताय?"

"काकू, तुम्हाला खोटं सांगून जाणार नाही. आणि खरं सांगायचा अधिकार आधी त्यांचा आहे. ते आज तुमच्याशी बोलतील."

काकूंनी दांडीवरच्या कोटांकडे पाहिलं. "पोरीच्या कामाबद्दल आहे का?"

बाईंनी मान डोलावली. काकू खुर्चीत बसल्या.

"त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत ते," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, टाळू भाजलीय."

६

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. सावकाशबाईंनी दार लोटून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"डॉक्टर, मामांनी हे केलेलं नाही."

"कशावरून?"

"ब्रश त्यांच्या हातात होता. दया आली असती तर ओठाला लावून औषधाची बाटली ओळखायची, तेच मलम सगळ्या वासरांना लावायचं, काम संपलं. त्यांना बाटल्या उघडून भेसळ करायची गरजच काय? आणि ज्याला वासरांची दया येते, तो निम्म्या वासरांचं औषध निम्मं करेल का? दोन्ही बाटल्यांत निम्मं-निम्मं औषध निघालंय. कोणी बाहेरून औषध आणून घातलेलं नाही. दोन्ही बाटल्या एका भांड्यात ओतून, ढवळून पुन्हा भरल्या आहेत."

मोठे डॉक्टर ऐकत होते.

"थेंबानेही केलेलं नाही. कोणत्या बाटलीत काय, हे त्याला माहीत आहे आणि मलम बनवतोही तोच. त्याला बिघडवायचं असतं तर बनवतानाच बिघडवलं असतं, गोठ्यातल्या खोलीत जाऊन भांडी कशाला खरकटी करेल? मिसळतो कोण, तर ज्याला कोणत्या बाटलीत काय आहे ते माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. त्याला फक्त दोन्ही सारख्या करायच्या होत्या. दोन्ही सारख्या झाल्या की दोन्ही गट सारखे. गट सारखे म्हणजे औषधाचा उपयोग शून्य. हा निकाल तुमच्या पुतणीला नको होता. मग तो हवा कोणाला होता?"

"हा तर्क झाला, बाई."

"तर्कच. आता डाग. मलमात आयोडीन आहे. त्याचा डाग हातावर, साध्या कापडावर तपकिरी पडतो. म्हणून गोठ्यात सगळ्यांची बोटं तपकिरी. पण खळीवर आयोडीन पडलं की निळं-काळं होतं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकून दाखवतात, तसं. या आवारात खळ दिलेला कोट एकच माणूस घालतो. शाई लिंबाने जात नाही, डॉक्टर. आयोडीन जातं."

डॉक्टरांचा हात नकळत बाहीकडे गेला.

"आणि चहा. नीट मिसळलं की नाही, हे बघायला तुम्ही दोन्ही बाटल्यांतलं मलम जिभेला लावलंत. ओठ, जीभ बधीर. तसेच चहाला जाऊन बसलात, कारण रोज त्या वेळी तुम्ही तिथे बसता आणि न जाणं डोळ्यावर आलं असतं. चहा गार लागला. तुम्हाला कळत होतं तो गार का लागतोय. तरी तीनदा परत पाठवलात. ते का, हे मात्र मला उमगलेलं नाही."

बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"मला बघायचं होतं," मोठे डॉक्टर शेवटी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, फक्त जरा बसलेला. "किती बधीर होतं ते. शेवटचा कप घेतला तेव्हा वाफ दिसत होती, आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. तोंड भाजत होतं आणि मला पत्ता नव्हता. संध्याकाळी औषध उतरलं, तेव्हा कळलं." ते थांबले. "एवढ्याशा भाजल्याने मी दोन दिवस जेवलो नाही, बाई."

"दुसऱ्या तुकडीतल्या त्या वासरासारखे."

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं.

"तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते खोटं ठरेल, या भीतीने तुम्ही हे केलं असं मी आधी धरून चालले होते," बाई म्हणाल्या. "पण ज्याला आपल्या म्हणण्याची खात्री असते, तो प्रयोग बिघडवत नाही. निकाल आपल्याच बाजूने लागणार म्हणून निवांत बसतो. तुम्ही त्या वासराजवळ उभे राहिलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. या केंद्रात सगळ्यांत आधी तुम्हाला कळलं."

"मी आयुष्यभर त्याला सुस्ती म्हटलं," मोठे डॉक्टर म्हणाले. "तसंच शिकवलं. ते वासरू भिंतीला डोकं टेकवून उभं होतं आणि मला एकदम आधीची सगळी दिसायला लागली. भिंतीशी उभी. किती असतील, सांगा. पोरगी ते कागदावर मांडणार, तिच्या नावाने छापणार, आणि मी ते वाचणार. मला ते झेपलं नसतं."

"मामांना चोर ठरवणं झेपलं?"

या प्रश्नावर मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"नाही," ते म्हणाले. "तेही नाही."

"मग चला. समितीला मी कळवेनच. पण त्याआधी तुम्ही स्वतः दोघांना सांगा. मी सोबत आहे. सावकाश चालू."

७

गोठ्यात धाकट्या डॉक्टर होत्या. मामाही होते, मनाई धाकट्या डॉक्टरांनीच मोडून काढली होती. मोठे डॉक्टर दोघांसमोर उभे राहिले आणि काय केलं, कधी केलं, का केलं ते सगळं सांगितलं. शब्द लपवला नाही, वाढवलाही नाही. शेवटी मामांकडे वळून म्हणाले, "तुझ्या पाठीवर हात ठेवला मी त्या दिवशी. माझं सगळ्यांत वाईट कृत्य तेच होतं."

मामांनी दुधाची बादली उचलली.

"डॉक्टर, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "वासरांची दुधाची वेळ झालीय."

मोठे डॉक्टर बाजूला झाले. मामा त्यांच्यापुढून गेले आणि पहिल्या वासराच्या तोंडाशी बादली धरली.

धाकट्या डॉक्टर रडल्या नाहीत. "काका," एवढंच म्हणाल्या, "मला येऊन सांगायचं होतंत. मी सगळ्यांना सांगितलं असतं की तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं." मग त्या वासरांकडे वळल्या. "आता मला तेही म्हणता येणार नाही."

त्या दिवशी काका-पुतणी वेगवेगळ्या वाटांनी गेली.

समितीने मोठ्या डॉक्टरांना प्रमुखपदावरून दूर केलं आणि प्रयोगाच्या आसपास फिरकायला बंदी घातली. मामांची माफी केंद्राने सगळ्यांसमोर मागितली. तिसरी तुकडी बाद झाली, तिच्या जागी नवी तुकडी घेतली, आणि या वेळी बाटल्या सावकाशबाईंच्या ताब्यात राहिल्या. फरक पहिल्यासारखाच लख्ख निघाला. मंडळाने नियम केला: डागणी असो की खच्चीकरण, जखमेवर जंतुनाशकासोबत बधीर करणारं औषध लावायचंच.

धाकट्या डॉक्टर बरेच महिने काकांशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. घरी यायच्या, काकूंशी बोलायच्या, जायच्या. मग नियम लागू झाला आणि गावोगाव जाऊन पशुपालकांना मलम वापरायला शिकवणारी माणसं हवी झाली. पगार नाही, प्रवास फार. काकूंच्या हातून एक निरोप आला: मला पाठवशील का? धाकट्या डॉक्टरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मलमाच्या बाटल्यांचं खोकं काकांच्या घराच्या पायरीवर ठेवून गेल्या.

पहिल्या गावी त्या स्वतःही गेल्या, मागच्या रांगेत बसल्या. मोठे डॉक्टर साध्या सदऱ्यात होते. वासराला कसं धरायचं, इंजेक्शन कुठे, मलम कधी आणि किती, सगळं त्यांनी करून दाखवलं. शेवटी दुभती जनावरं पाळणारी एक म्हातारी बाई उठून उभी राहिली.

"डॉक्टर, माझ्या मुलाला तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "तेव्हा हे का नाही सांगितलं?"

मागच्या रांगेतून धाकट्या डॉक्टरांना काकांचा चेहरा नीट दिसत होता. तेव्हा असली औषधं नव्हती, असं म्हणता आलं असतं आणि कोणी हरकत घेतली नसती.

"तेव्हाही वासरं सांगत होती," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी ऐकत नव्हतो."

म्हातारीने आपलं वासरू पुढे ओढलं आणि दोर त्यांच्या हातात दिला.

धाकट्या डॉक्टर मागच्या रांगेतून उठल्या, बाह्या वर सारल्या आणि वासराचं डोकं धरायला पुढे गेल्या.